आज्ञा आणि विधान : ‘कॉन्श’ या पायथनाधिष्ठित शेलचे चिकित्सक अवलोकन

प्रास्ताविक

संगणकाची कार्यप्रणाली आणि उपयोगकर्ता यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ अशी संज्ञा आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसृत झाला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ (१९८९) हा त्याच परंपरेतील होय. या परंपरेची भाषा आज्ञा देण्यास सुटसुटीत आहे, परंतु विचार मांडण्यास तोकडी पडते. बॅशमधील अंकगणित केवळ पूर्णांकांचे असल्याने ७ भागिले २ याचे उत्तर ३ येते. चलात साठविलेल्या फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल आणि त्या चलाभोवती अवतरणचिन्हे द्यावयाची राहिली, तर एका नावाचे दोन शब्द होतात. आज्ञा फाइल पुसण्याची असल्यास भलतीच फाइल नष्ट होण्याचा संभव असतो. या उणिवांवर सर्वसाधारण प्रोग्रॅमिंग भाषेच्या पायावर शेल उभारणे हा एक उपाय ठरतो. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रयत्नाचे परीक्षण केले आहे.

दोन मार्ग

ओलिन शिव्हर्स यांनी १९९४ मध्ये ‘स्कीम’ या भाषेवर आधारित शेल सादर केला. त्यात आज्ञाही स्कीमच्या कंसबद्ध रचनेत लिहावी लागते. परिणामी संदिग्धतेला वाव राहिला नाही. मात्र दैनंदिन टंकनास ही रचना जड गेली आणि तो शेल मुख्यतः लिखित प्रोग्रॅमपुरता उपयुक्त ठरला. अँथनी स्कोपाट्झ यांनी आरंभिलेल्या आणि २०१५ पासून उपलब्ध असलेल्या ‘कॉन्श’ने वेगळा मार्ग स्वीकारला. येथे पायथनचे विधान आणि शेलची आज्ञा एकाच ठिकाणी, कोणत्याही खुणेविना लिहिता येतात. भागाकाराचे उत्तर ३.५ येते, आणि चलातील नावात मोकळी जागा असली तरी ते अखंड राहते.

सीमारेषेचा प्रश्न

कॉन्शचे सामर्थ्य आणि त्याचा दोष एकाच ठिकाणी आहेत. फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ ही आज्ञा, तिच्यापुढे उणे चिन्ह आणि ‘एल’ हे अक्षर, अशी पंक्ती विचारात घ्यावी. सामान्यतः ती आज्ञा मानली जाऊन सविस्तर यादी मिळते. परंतु उपयोगकर्त्याने आधी ‘एलएस’ या चलास १० आणि ‘एल’ या चलास ३ ही मूल्ये दिली असतील, तर तीच पंक्ती वजाबाकी ठरते आणि उत्तर ७ येते. म्हणजे पंक्तीचा अर्थ तिच्या रचनेवरून ठरत नाही. तो त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या नावांवर अवलंबून राहतो. डॉलर चिन्ह आणि चौकटी कंस वापरून पंक्ती आज्ञाच आहे असे स्पष्ट सांगता येते, हे खरे. तथापि तसे सांगणे उपयोगकर्त्याच्या शिस्तीवर सोपविलेले आहे.

दुसरी मर्यादा प्रवाहाची आहे. २००६ मध्ये आलेल्या ‘पॉवरशेल’मध्ये एका आज्ञेकडून दुसरीकडे सुघटित वस्तू जाऊ शकतात. कॉन्शमध्ये मात्र बाह्य प्रोग्रॅमांमधील नळीतून पूर्वीप्रमाणे मजकूरच वाहतो. पायथनची समृद्धी नळीच्या दोन्ही टोकांना आहे, नळीत नाही. शिवाय बॅशसाठी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम येथे जसाच्या तसा चालेल असे नाही.

निष्कर्ष

या संदिग्धतेचे मूल्यमापन करताना वापराचे दोन प्रसंग वेगळे धरणे आवश्यक आहे. उपयोगकर्ता पडद्यासमोर बसलेला असताना चुकीचा अर्थ बहुधा तत्काळ लक्षात येतो आणि दुरुस्त करता येतो. तेथे खुणांपासून मिळालेली मुक्तता हा गुणच होय. रात्री कोणाच्याही देखरेखीविना चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती सवलत धोक्याची ठरते. तेथे स्पष्ट खुणा अनिवार्य मानल्या पाहिजेत. अध्यापनाच्या दृष्टीने कॉन्श हा बॅशचा पर्याय म्हणून नव्हे, तर त्यानंतरचा पाठ म्हणून योग्य ठरतो. अपरिचित यंत्रावर विद्यार्थ्याला बहुधा जुनाच शेल भेटणार आहे. मात्र त्यानंतर कॉन्श अभ्यासल्यास, आज्ञा कोठे संपते आणि विधान कोठे सुरू होते, हा भाषारचनेतील मूलभूत प्रश्न एका पंक्तीच्या उदाहरणातून त्याच्यासमोर उभा करता येईल.