वाद, सहवास आणि श्रद्धा : ‘यमुनापर्यटन’ ते ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती साहित्याला ‘प्रचारसाहित्य’ म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडील समीक्षेची सवय जुनी आहे. या वर्गीकरणामागे केवळ आशयाचा विचार असतो. श्रद्धा एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे कोणत्या रूपाने पोचते, हा संहितेच्या घडणीचा प्रश्न त्यात दुर्लक्षित राहतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934 पासून भागशः प्रकाशित) एकत्र वाचल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो.

‘यमुनापर्यटना’त प्रवास हे निमित्त आहे. यमुना आणि विनायक ठिकठिकाणी विधवांची दुःखे ऐकतात, आणि प्रत्येक दुःखकथेतून एक प्रतिपाद्य सिद्ध होत जाते. भेटणारी माणसे पुष्कळदा मुद्द्याची उदाहरणे बनतात. संवाद आहेत, परंतु त्यांचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. पदमनजींची करुणा खरी असूनही संबंध येथे युक्तिवादाच्या सेवेत राबतात.

‘स्मृतिचित्रां’तील क्रम उलटा आहे. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार हाती दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या कथनात ही घटना मुक्तीची म्हणून येत नाही. ती घर मोडल्याची घटना म्हणून येते. पुढे वियोगानंतर त्या परततात त्या पत्नी म्हणून, श्रोत्या म्हणून नव्हे; आपला सोवळ्याचा स्वयंपाक त्या काही काळ वेगळाच ठेवतात. त्यांच्यातला पालट घडतो तो पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या प्रश्नाशी झगडताना. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांना ग्रंथचर्चेतून सुचत नाही. 1900 मधील त्यांचा बाप्तिस्मा या झगड्यानंतरचा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. सहवास ही प्रचाराची अधिक सूक्ष्म रीतच नव्हे काय? स्नेह हे साधन आणि धर्मांतर हे साध्य असेल, तर उघड वादविवाद निदान प्रामाणिक म्हणावा लागेल. ‘स्मृतिचित्रे’ या आक्षेपाला सिद्धान्ताने उत्तर देत नाहीत. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर हसणारी, त्याच्या निर्णयाची किंमत विसरू न देणारी निवेदिका हेच ते उत्तर होय. श्रद्धा स्वीकारल्यावरही ती जुन्या दुःखाचे समर्थन करीत नाही. प्रचाराला असा हिशेब परवडत नाही.

तथापि सहवासालाही निरागस मानून चालणार नाही. मुंबईच्या उपनगरांतील ईस्ट इंडियन समाजाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर येथील प्राचीन शैव लेण्यांचे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. तेथे श्रद्धेच्या प्रवासामागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. मात्र त्याच साष्टीतील गावठाणांत लग्नापूर्वी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणण्याची रीत टिकली. धर्म बदलला, पण पाण्याभोवतीचे नाते, बोली आणि मांडव राहिले. 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करताना या समाजाने गोवा आणि मंगळूरकडील ख्रिस्ती स्थलांतरितांहून आपले वेगळेपण सांगितले. घरात मात्र त्याची बोली मराठीच होती. या रीतीला मिशनची योजना किंवा ‘अवशेष’ म्हणणे, दोन्ही अपुरे आहे. ती जगणाऱ्यांच्या दृष्टीने तेथे ख्रिस्ती होणे आणि गावचे असणे यांत फारकत नाही.

दोन्ही ठिकाणी पाणी येते, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. एकीकडे ते विभागणारे होते आणि सोडवावे लागले. दुसरीकडे ते जोडणारे होते आणि जपले गेले. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या समीक्षेने ‘काय पटवले’ यापेक्षा ‘कोणते नाते तुटले, कोणते उरले’ हे विचारायला हवे. या कसोटीवर ‘यमुनापर्यटन’ आपल्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज ठरते; ‘स्मृतिचित्रे’ मात्र वाचकाचा धर्म कोणताही असो, त्याला त्या घरात बसवून घेतात.