चार पत्ते, दोन हाका

जुन्या सीरियल कार्डावर, जंपरच्या पिनांशेजारी, पांढऱ्या बारीक अक्षरांत बहुधा एवढंच छापलेलं असतं:

कॉम १ – ३एफ८ – ४
कॉम २ – २एफ८ – ३
कॉम ३ – ३ई८ – ४
कॉम ४ – २ई८ – ३

मधला आकडा पोर्टचा पत्ता, सोळाच्या पायात लिहिलेला. शेवटचा आयआरक्यूचा, म्हणजे ते पोर्ट प्रोसेसरला कुठल्या तारेवरून हाक मारणार त्याचा. जुन्या पीसीला आणखी पोर्ट जोडणारा माणूस या ओळींवर नजर टाकतो, जंपर बसवतो आणि स्क्रू आवळतो. मला मात्र त्या पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

आधी यमक पाहा. चारही पत्ते आठवर संपतात, आणि एका पोर्टला सलग आठ जागा लागतात. ३एफ८ ते ३एफएफ हे पहिल्याचं घर. आता हेच आकडे शून्य-एकात उलगडून पाहा. ३एफ८ आणि २एफ८ यांत फरक एका बिटाचा. ३एफ८ आणि ३ई८ यांतही एकाच बिटाचा, पण निराळ्या. दोन बिट, त्यांच्या चार जोड्या, चार पोर्ट. पत्ता तीनने सुरू झाला तर हाक चारची, दोनने झाला तर तीनची. अ-ब-अ-ब. कुणा इंजिनिअरने किती निगुतीने हे बसवलंय!

पण या चार ओळी एका बैठकीत लिहिलेल्या नाहीत. १९८१ साली आयबीएम पीसी आला तेव्हा त्याचा बायोस पहिल्या दोनच पत्त्यांवर पोर्ट शोधायचा. मेमरीत जागा मात्र चार पत्त्यांची राखलेली होती. डॉसला कॉम ३ आणि कॉम ४ ही नावं कळली ती १९८७ च्या ३.३ आवृत्तीत. पत्ते मिळाले, नावं मिळाली. हाकेच्या तारा तेवढ्या नव्या मिळाल्या नाहीत. हाका गोळा करून प्रोसेसरला कळवणाऱ्या मूळ ८२५९ चिपला ताराच आठ, आणि टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, प्रिंटर यांनी आपापल्या धरलेल्या. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये दुसरी ८२५९ आली खरी, पण तिच्या बहुतेक तारा स्लॉटच्या नव्या, आखूड तुकड्यात गेल्या. आठ बिटांच्या कार्डाचे दात तिथवर पोचतच नाहीत. म्हणून शेवटच्या दोन ओळींत पत्ता नवा आणि हाक जुनी. सगळी गंमत आणि सगळा ताप या एका जागी आहे.

माऊस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर लावून ज्यांनी नंबर फिरवला, त्यांनी तो ताप भोगलाय: मोडेम बोलू लागला की पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा. आयसा बसवर, म्हणजे या स्लॉटांना जोडणाऱ्या तारांवर, व्होल्टेज खालून वर चढतं त्या क्षणालाच हाक धरतात. एकाने तार आधीच वर धरली असेल तर दुसऱ्याची हाक उमटणार कशी? दरवाजाच्या घंटीचं बटण एकाने दाबूनच धरलंय आणि मागून आलेला त्यावर आपलं बोट ठेवतोय, तसं. आणि इथे ताटकळायला वेळ नसतो. सीरियल पोर्टच्या मूळच्या ८२५० चिपमध्ये आलेलं एकच अक्षर थांबू शकतं. ९६०० च्या वेगाला सुमारे एका मिलिसेकंदात पुढचं येऊन त्याला पुसून टाकतं. पुढच्या १६५५०ए चिपने सोळा अक्षरांची रांग दिली. तिने उसंत मिळाली, तार नाही.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी जागा त्या चार ओळींत छापलेलीच नाही. ८२५० ला ‘आउट २’ नावाची एक मोकळी पिन आहे. आयबीएमने ती हाकेच्या तारेवरच्या बफरला जोडली. प्रोग्रॅमने ती बंद ठेवली की कार्ड तार सोडून देतं. वर ओढत नाही, खाली दाबत नाही, अलगद बाजूला होतं. म्हणूनच एका हाकेची दोन पोर्टं एका पेटीत नांदू शकतात, एका वेळी एकानेच बोलायचं एवढं पाळलं तर. इतकं समंजस वळण एका पिनेत!

चौथ्या ओळीला आणखी एक दुखणं आहे. जुनी कार्डं पत्त्याचे खालचे दहाच बिट वाचतात. ८५१४/ए घराण्यातली आणि एस३ ची ग्राफिक्स कार्डं ४२ई८, ८२ई८ असे लांब पत्ते वापरतात. त्यांचं वरचं टोक गळालं की उरतं २ई८. दुसऱ्याचं पत्र कॉम ४ च्या दारात.

माझ्या ४८६ वर माऊस आणि तराजू आधीच होते. तिसरं पोर्ट हवं होतं मल्टिमीटरसाठी. कॉम ३ चा पत्ता तसाच ठेवला. हाकेचा जंपर छोट्या चिमट्याने उचलला. काळ्या प्लास्टिकची ती टोपी तांदळाच्या दाण्याएवढी. साउंड कार्ड काढलेलं असल्यामुळे पाच मोकळा होता. टोपी चारवरून पाचवर दाबली, टक्‌ असा आवाज आला. मशीन चालू करून प्रोग्रॅमलाही पाच सांगितला. मल्टिमीटरचे आकडे ओळीने पडद्यावर उतरू लागले, आणि माऊसचा बाण त्यांच्यामधून मोकळा फिरत होता.