हरणाची ओळख

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील तिसरी कादंबरी १९९९ साली आली. अल्फोन्सो क्वारॉन यांनी २००४ साली तिच्यावर चित्रपट केला. समीक्षकांनी तो वाखाणला, पण निष्ठावंत वाचकांत दोन तट पडले. पहिले दोन चित्रपट पुस्तकाबरहुकूम होते. इथे बरेच काही गाळले, अशी अनेकांची तक्रार होती.

चाहत्यांचा हट्ट म्हणून अशी तक्रार झटकून टाकण्याची रीत आहे. अख्खी कादंबरी १४२ मिनिटांत मावत नाही, हे खरेच. पण काय गाळले, ते पाहायला हवे. जादूचा नकाशा हॅरीच्या वडिलांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी विद्यार्थिदशेत बनवला होता. वडील शिंगांच्या हरणाचे रूप घेत असत. चित्रपट या दोन्ही गोष्टी सांगत नाही. त्यामुळे तळ्याकाठी हॅरीच्या मंत्रातून तेजस्वी हरीण प्रकटते, तेव्हा पुस्तक न वाचलेल्याला ते केवळ देखणे दृश्य वाटते. वाचकाला मात्र ठाऊक असते की, एका पोरक्या मुलाला त्याचा बाप स्वतःच्याच ठायी सापडला आहे.

क्वारॉन यांची दृश्यभाषा आधीच्या दोन्ही चित्रपटांहून सरस आहे, यात वाद नाही. छाटणीचा दिग्दर्शकाचा हक्कही मान्य. परंतु हा खुलासा दोन वाक्यांत झाला असता. तो गाळल्याने बाप-लेकाची भेट अर्धीच राहिली. वेळेची सबब इथे टिकत नाही.