मनोघाताचें निदान व जुने कागद

अ‍ॅलन यंग यांचा ‘द हार्मनी ऑफ इल्यूजन्स’ हा 1995 सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ मनोविकारांविषयीं असला, तरी त्याचें परीक्षण या पृष्ठांत अप्रस्तुत होणार नाहीं. कारण जुने कागद कसे वाचावे, हाच त्यांतील खरा वाद आहे. युद्धादि भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या विकारास अमेरिकन मनोरोगवैद्यांच्या संस्थेनें 1980 सालीं ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हें नांव देऊन आपल्या यादींत घातलें. हा विकार सर्वकालीन नसून निदान, उपचार व संशोधन यांच्या व्यवहारांतून घडला आहे, असा ग्रंथकाराचा पक्ष. रोग्यांचें दुःख खोटें, असें मात्र ते म्हणत नाहींत.

पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश दप्तर या पक्षास पुष्टि देतें. 1915 सालीं चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ पत्रांत ‘शेल शॉक’ हा शब्द योजिला. पुढें रोग्याच्या कागदावर ‘डब्ल्यू’ किंवा ‘एस’ हें अक्षर पडूं लागलें. शत्रूच्या गोळ्याच्या स्फोटानें विकार जडला, तर ‘डब्ल्यू’ म्हणजे जखमी, व त्यास जखमीचा मान आणि पेन्शनचा हक्क. एरवीं ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. 1917 सालीं तर तें नांवच वर्ज्य होऊन ‘एन. वाय. डी. एन.’, म्हणजे ‘मज्जाविकार, निदान अद्याप नाहीं’, असा शेरा मारण्याचा हुकूम सुटला. त्यानंतरच्या कागदांत शेल शॉक विरळ आढळला, म्हणून रोग हटला असें कोण म्हणेल?

परंतु हाच दाखला ग्रंथकारावरही उलटतो. अक्षर बदललें, तरी कांपरें भरणें, वाचा बसणें, झोपेंत दचकून उठणें हीं थांबलीं नाहींत. नकलेंत लेखनिकानें भर घातली, एवढ्यावरून मूळ पत्रच नव्हतें असें आपण कधीं ठरवीत नाहीं.

मात्र तें मूळ एकच होतें काय? येथें आम्हांस ग्रंथकाराकडे झुकावें लागतें. 2013 च्या सुधारलेल्या यादींतील लक्षणांच्या 6,36,120 जुळण्यांस हें एकच नांव लागूं शकतें, अशी गणना त्याच वर्षीं झाली. एवढ्या रूपांस निसर्गांतील एक जात म्हणण्यास धाडसच पाहिजे! शिवाय एडगर जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटिश सैनिकांचीं पेन्शन-प्रकरणें तपासून 2003 सालीं दाखविलें कीं, घडलेला प्रसंग डोळ्यांपुढें पुनः उभा राहणें हें लक्षण जुन्या युद्धांच्या कागदांत फार थोडें, व 1991 च्या आखाती युद्धाच्या कागदांत त्याहून पुष्कळ अधिक आढळतें.

ज्यांच्या संग्रहीं महायुद्धांतील सैनिकांचीं पत्रें असतील, त्यांनीं यादी करितांना आजचें रोगनाम न घालतां पत्रांतील मूळ शब्द, तारीख व कचेरीचा शेरा हीं निरनिराळ्या रकान्यांत उतरून घ्यावीं.