‘देवराई’ : स्किझोफ्रेनियाविषयक कुटुंबशिक्षणाची वाट आणि मर्यादा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) हा मराठी चित्रपट स्किझोफ्रेनियाविषयी समाजशिक्षण व्हावे या हेतूने निर्माण झाला. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. पत्नीच्या आजाराचा दीर्घ अनुभव घेतलेल्या वाणी यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. हेतुप्रधान कलाकृती प्रचारकी होण्याचा संभव असतो. ‘देवराई’ त्यातून कितपत सुटते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

चित्रपटाचा नायक शेष (अतुल कुलकर्णी) असला, तरी प्रेक्षकाचे शिक्षण घडते ते त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) हिच्याद्वारे. भावाला स्वतःच्या संसारात आणताना तिची होणारी ओढाताण हाच चित्रपटाचा खरा पाठ होय. कुटुंबातील सततची टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक यांचा आजार उलटण्याशी संबंध असतो, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. याचा अर्थ कुटुंब हे आजाराचे कारण आहे असा नव्हे. माया पुरेशी नसते, ती कशी व्यक्त करावी हेही शिकावे लागते, असा आहे. औषधोपचारांना कुटुंबशिक्षणाची जोड हवी ती यासाठीच.

मर्यादा आहे ती रूपकात. देवराई आणि शेषचे मन यांची सांगड काव्यात्म आहे. परंतु तीमुळे आजार म्हणजे संवेदनशीलतेचा अतिरेक, असा समज होऊ शकतो. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनविषयक गटात, ही बाब या संदर्भात सूचक म्हणावी लागेल.

शब्दांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘छिन्नमनस्कता’ या संज्ञेमुळे दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा गैरसमज बळावतो. जपानने अशाच कारणास्तव २००२ मध्ये आजाराचे नाव बदलले. पुण्यातील उपर्युक्त संस्थेत रूढ झालेले ‘शुभार्थी’ (रुग्ण) आणि ‘शुभंकर’ (काळजीवाहक) हे शब्द आजाऱ्याची माणूस म्हणून ओळख शाबूत ठेवतात.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस वा विशीत, म्हणजे महाविद्यालयीन वयातच, प्रकट होतो. वर्गातून हळूहळू दिसेनासा होणारा विद्यार्थी आळशी वा उद्धट ठरवला जाण्यापूर्वी त्याच्या घरापर्यंत योग्य माहिती पोहोचणे आवश्यक आहे. ‘देवराई’चा आस्वाद घेताना प्राध्यापकवर्गाने ही जबाबदारी आपली मानली, तरच तिच्या निर्मितीमागील हेतू सफल होईल.