रदूते यांचे जांभळे आयरिस : चित्र आणि व्याकरण

पिएर-जोसेफ रदूते (१७५९–१८४०) यांच्या 'ले लिलियासे' (१८०२–१८१६) या आठ खंडांच्या ग्रंथात ४८६ चित्रे आहेत. आज ती बहुधा भिंतीची शोभा म्हणून छापली जातात, आणि त्यांची समीक्षाही 'नाजूक', 'मोहक' या विशेषणांपाशी थांबते. त्यांतील जांभळ्या आयरिसच्या, म्हणजे आयरिस जर्मानिकाच्या चित्रापुढे ही विशेषणे अपुरी पडतात.

लिलीसदृश वनस्पतींचे रसाळ भाग दाबून वाळविले असता त्यांचा रंग व घाट नाहीसा होतो. ही उणीव भरून काढणे हे या चित्रांचे एक प्रयोजन होते. अर्थात चित्र येथे अलंकरण नसून पुरावा आहे. ताम्रपट ठिपक्यांनी कोरून, त्यावर अनेक रंग भरून छाप घेतला जाई व मग तो कुंचल्याने पुरा केला जाई. त्यामुळे पाकळीतील जांभळ्या रंगाचे चढउतार ठळक बाह्यरेषेवाचून उमटतात.

अशा चित्रात माती नसते, परिसर नसतो. वनस्पतीच्या निरनिराळ्या अवस्था एकत्र मांडता येतात. शब्दरूपावलीत एका नामाची सर्व रूपे शेजारी येतात, पण तशी ती कोणी बोलत नाही. चित्राचा विषयही एखादे विशिष्ट फूल नसून जाती होय.

तथापि या पद्धतीला एक मर्यादा आहे. लिनीयस यांनी १७५३ मध्ये आयरिसला तीन पुंकेसरांच्या वर्गात घातले. परंतु हे पुंकेसर किंजलाच्या पाकळीसारख्या तीन शाखांखाली दडलेले असतात. फूल जितके पूर्ण व सुंदर दिसावे, तितके त्याचे वर्गलक्षण झाकलेले राहते. ते दाखविण्यास फूल सोडवून निराळी आकृती काढावी लागते. सिद्ध शब्द आणि त्याचा विग्रह यांतलाच हा भेद आहे.

जूस्य यांनी १७८९ मध्येच आयरिसचा गण लिलीहून वेगळा केला होता. तरी रदूते यांच्या शीर्षकाने तो लिलींतच ठेवला. आज आयरिस केशराच्या कुलात गणले जाते. शीर्षक कालबाह्य झाले, चित्र झाले नाही. वर्गीकरण बदलल्यावरही ज्याला नवे प्रश्न विचारता येतात, ते वनस्पतिचित्र श्रेष्ठ. सौंदर्याचा विचार त्यानंतरचा.