आगाखान पॅलेस : कांटचा महाल आणि आपला पाझर तलाव

सौंदर्याचा विचार मांडताना कांटनं 1790 च्या ग्रंथात उदाहरण घेतलं ते एका महालाचंच. तो म्हणतो, हा लोकांच्या घामावर उभा राहिला म्हणून रूसोसारखं चिडायचं असेल तर खुशाल चिडा; पण माझा प्रश्न तो नाही. नुसतं बघून आनंद होतो का, तेवढं सांगा.

ही कसोटी पुण्याच्या आगाखान पॅलेसला लावून बघू. तिसऱ्या आगाखानांनी तो 1892 साली बांधला. उंच कमानी, घराभोवती व्हरांडे, 19 एकरांचं आवार आणि त्यात निम्म्याहून जास्त बाग. सुंदर आहे, हे मान्य करावंच लागतं.

पण दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं, असं सांगतात. इथं मी अडतो. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं निलंग्याच्या या सभेत अजून आहेत. तेव्हा आपल्याकडं लोकांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले. मजुरी दोन्हीकडं मिळाली, हे खरं. पण तलाव गावाचा झाला; तिकडं काम संपलं आणि मजूर फाटकाबाहेर गेला. दात्याचा हेतू चांगला धरला तरी हा फरक उरतोच की!

पुढं ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारनं गांधीजींना इथंच स्थानबद्ध केलं. 15 ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले, 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. दोघांना अग्नी याच आवारात दिला. ऐषारामासाठी केलेली बाग कैद्यांना पहाऱ्यातून बघावी लागली. 1969 साली चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली, तेव्हा कुठं फाटक सगळ्यांना उघडलं.

आज आपण समाध्यांपुढं हात जोडतो, कमानींपुढं फोटो काढतो. दोन्ही योग्यच. पण ज्यांनी दगड वाहिले त्यांची आठवण कुणाला येत नाही, ही आपल्या बघण्यातली उणीव आहे. कांटची अट मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवली. डोळ्यांना शिस्त लावायला ती चांगली आहे. पण घामाचा प्रश्न तिनं थोडा वेळ बाजूला ठेवला, मिटवला नाही. तेव्हा पुण्याला गेलात तर आधी मनसोक्त बघा, आणि निघताना तो प्रश्न परत हातात घ्या.